मागून येणारे आबा

आबा, म्हणजे माझे सासरे, माझ्याशी बोलायचे ते पाखऱ्यामार्फत. पाखऱ्या हा आमचा डावीकडचा बैल. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही आणि सासऱ्यानंही तिला नावानं हाक मारायची नाही, अशी आमच्या घरची रीत. त्यात मी जात्याच लाजरी. चौथीपर्यंत शाळेत गेले, पण गुरुजींनाही माझा आवाज फारसा ऐकू आला नसेल. मग आबा जेवून उठले की गोठ्यात जायचे आणि पाखऱ्याची मान खाजवत, चुलीपर्यंत पोचेल एवढ्या आवाजात म्हणायचे, "पाखऱ्या, आज भाकर लई मऊ व्हती रे." कधी धुरानं माझे डोळे लाल झालेले दिसले तर म्हणायचे, "ओली लाकडं कोणी आणून टाकली रे पाखऱ्या?" दुसऱ्या दिवशी चुलीजवळ कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा भारा असायचा.

कुठलीही नवी गाडी दिसली की आबांचा एकच सवाल असे, "खाती काय, अन् पोचवती कुठवर?" हा सवाल त्यांना निजामाच्या राज्यात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुचला होता. पेट्रोल मिळेना म्हणून तेव्हा कोळशाच्या गॅसवर मोटारी निघाल्या होत्या. तरुणपणी आबा तसल्या मोटारीतून भोकरदनहून जालन्याला निघाले, आणि प्रत्येक चढाला खाली उतरून ती ढकलावी लागली. "तिकीट बसायचं काढलं, अन् ढकलून राह्यलो मोटार," असं ते हसत सांगायचे.

विजेशी मात्र त्यांचं वाकडं नव्हतं. विहिरीवर पंप बसला तेव्हा त्यांनीच हौसेनं मोट सोडली. मोटेचा जाड दोर तेवढा टाकून न देता बैलगाडीत ठेवला. पंपाचं आणि गाडीचं गणित वेगळं, असं ते म्हणत. "पंप जाग्यावर बसतो, वीज त्याच्याकडं येती. गाडीला आपली भाकर संगं बांधून न्यावी लागती."

हे सगळं निघालं ते आमच्या ह्यांच्यामुळे. हे भोकरदनला एका दुकानात जळालेल्या पंपांना तार भरायचे. बहात्तरचा दुष्काळ सरला, आणि पाठोपाठ पेट्रोल एकाएकी महागलं. परदेशात बॅटरीवर मोटारी चालवून बघतायत, असं ह्यांनी पेपरात वाचलं आणि वेडच घेतलं. जुन्या सायकलरिक्षाचा सांगाडा आणला, ट्रकचं इंजिन सुरू करणारी सेल्फ मोटर बसवली, दोन बॅटऱ्या मधोमध ठेवल्या. बॅटऱ्यांनी जागा खाल्ल्यामुळे मागे बसणाऱ्याला पाठमोरं बसावं लागे, तोंड मागच्या रस्त्याकडे. गावानं तिचं नाव 'किसनचं इमान', म्हणजे विमान, असं ठेवलं.

आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. बैलाच्या मानेवर ठेवावा तसा बॅटरीवर तळवा ठेवला. म्हणाले, "किसन, बैल थकला तर मान टाकतो. ही पेटी काई सांगती का?"

"आबा, पुढं सगळ्या गाड्या अशाच व्हणार. धूर न्हाई, आवाज न्हाई."

"व्हतील की. तवर बैल इकू नको."

संध्याकाळी हे नदीपर्यंत चक्कर मारायचे आणि वजनाला म्हणून मला मागे बसवायचे. ह्यांची नजर पुढे, माझी मागे. गाव सुटलं की धुळीत दूर आमची बैलगाडी दिसायची. चाल मुद्दाम संथ, अंतर राखून. मी ह्यांना ते कधी सांगितलं नाही. कुठं चढावर इमान थांबलं की घटकाभरानं आबा येऊन पोचायचे आणि कुणी विचारायच्या आधीच सांगायचे, "सरकी आणाया निघाल्तो." तो निमित्ताचा डाव मला कळायचा. आबा मोटेचा दोर बांधायचे, ओढून घरी आणायचे. 'मी सांगितलं होतं ना', हे शब्द त्यांच्या तोंडून एकदाही निघाले नाहीत. उलट रात्री गोठ्यातून ऐकू यायचं, "पाखऱ्या, आज मागच्या खेपेपरीस पुढं गेल्ती रे."

दिवाळीला माझ्या भावानं ह्यांना चिडवत निरोप धाडला, दाजी इमानात येणार का पायी? माझं माहेर नदीपलीकडं अडीच कोसांवर. हे इरेला पेटले. निघताना मला म्हणाले, "आज तुझ्या माहेरच्या दारात दोरानं जावं लागलं, तर मोडून भंगारात घालीन. पुन्यांदा हात लावणार न्हाई." त्या गाडीपायी माणूस किती दिवस नीट जेवला नव्हता, ते मी पाहिलं होतं.

नदी ओलांडली आणि चढाच्या निम्म्यावर मोटरीचा जळका वास आला. गाडी थांबली. हे हँडलवर डोकं टेकून बसले. आबा आले, कुंपणाला काट्या आणायला निघाल्याचं सांगितलं आणि दोर बांधला. चढ संपला तिथं बाभळीखाली त्यांनी बैल थांबवले. तिथून माझं गाव दिसत होतं, आणि गावापर्यंत सगळा उतार. त्यांनी दोर सोडला. म्हणाले, "घडीभर दम खाऊ दे तिला. इसाव्यानं बैल उठतो, ही बी उठंल."

ती उठली. आबांनी बैलगाडी माघारी वळवली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "पाखऱ्या, आपण आज हिकडं आलोच न्हाई बरं का."

धूर नाही, आवाज नाही, अशी आमची गाडी माहेरच्या दारात जाऊन उभी राहिली. भाऊ वाकून बॅटऱ्या बघायला लागला. आईनं आधी गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग आमच्यावरून. त्या दिवशी हे पोटभर जेवले.

पुढं दोन वर्षांनी, थंडीत, आबा गेले. दिवस झाल्यावर ह्यांनी बॅटऱ्या भरून आणल्या, गाडी अंगणात काढली, सीटवर बसले आणि बसूनच राहिले. मी दारातून विचारलं, "निघायचं न्हाई का?"

"मागं कोण हाय आता?"

मी चमकले. ती बैलगाडी फक्त माझ्याच नजरेला पडत होती, असं मी धरून चालले होते.

"तुमाला ठावं व्हतं?"

"पहिल्या दिवसापासून. आपल्या गाडीला आवाज कुठं व्हता? पाखऱ्याची घुंगरं बराबर ऐकू यायची. ती वाजत असली की चढावर घालायची हिंमत व्हायची."

मी गोठ्यात गेले. पाखऱ्याच्या मानेवर हात ठेवला आणि ह्यांचं बोलणं शब्दाला शब्द त्याला सांगितलं. आबा बोलायचे तसंच, जरा मोठ्यानं, ज्यांना ऐकू जायला हवं त्यांना जावं म्हणून.