लेथ व्हरांड्यात होते तेव्हा

मी लिहावं असा माझा काही अधिकार नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे घरच्यांना वाटतं मला सगळंच येतं, आणि कॉलेजातल्यांना वाटतं काहीच येत नाही. पण राज्याच्या व्यवसाय शिक्षणाचा पुढच्या दहा वर्षांचा आराखडा तयार होत होता तेव्हा मी त्या खोलीत बसलेलो होतो, आणि आमच्या वाशिमकडचं दुसरं कोणी तिथे नव्हतं. म्हणून लिहितो. आगाऊपणा वाटला तर माफ करावं.

कर्वेनगरला मामाकडे राहून मी बारावी करत होतो, व्यवसाय शाखेतून. विषय यंत्रकाम. त्या दिवसांत पुण्यात जो तो कॉम्प्युटर शिकत होता. कोथरूडला बसची वाट बघत उभं राहिलं तरी हातात क्लासची पत्रकं यायची. शेजारच्या काकूंनी एकदा मामीला विचारलं, "तुमचा भाचा कुठली लँग्वेज करतोय?"

"तो लोखंडाचं करतो," मामी म्हणाली.

"असू दे, असू दे," काकू म्हणाल्या. घरात कोणी आजारी असल्यावर म्हणतात तसं.

मला मात्र लोखंड कातायचा लेथ आवडायचा. शिवाय बारावीनंतर नगर रस्त्यावरच्या एका कारखान्यात अप्रेंटिस घेणार होते आणि त्यांची चाचणी लेथवरच व्हायची. वडिलांशी तसं ठरलंच होतं. अप्रेंटिस लागलो तर पुण्यात राहायचं, संध्याकाळच्या कॉलेजात नाव घालायचं. नाही लागलो तर गावी यायचं आणि काकांच्या पिठाच्या गिरणीवर बसायचं. वडील रागावून बोलले नव्हते. त्यांना ते सरळ वाटत होतं, आणि मलाही.

चाचणी जवळ आली आणि त्याच सुमारास आराखडा आला. मुंबईच्या मोठ्या साहेबांचं म्हणणं असं होतं की व्यवसाय शिक्षणाचा विचार हॉटेलच्या हॉलमध्ये बसून करायचा नाही, मुलं जिथे प्रत्यक्ष शिकतात तिथेच करायचा. हे सगळ्यांना पटलं. मला तर फारच आवडलं. बैठकीसाठी आमचं वर्कशॉप निवडलं गेलं. मग एक माणूस जागा बघायला आला, आणि त्याच्या लक्षात आलं की इथे खुर्च्या मांडता येणार नाहीत, कारण मध्ये लेथ आहेत.

लेथ आम्ही मुलांनीच हलवले. जमिनीतले नट सोडले, खाली लोखंडी पाइप सरकवले आणि पहारीने रेटत एकेक लेथ व्हरांड्यात नेला. वर ताडपत्री टाकली. आमचे वर्कशॉपचे सर दारात उभे होते. "सावकाश," ते म्हणाले, "राज्याचं भवितव्य याच दारातून आत यायचंय. चौकट तेवढी ठेवा."

फरशी तीनदा पुसूनही तेलाचा वास जाईना, तेव्हा उदबत्त्या लावल्या. बैठकीला एक विद्यार्थी प्रतिनिधी हवा होता. सरांनी मला पाठवलं. "तू कमी बोलतोस," ते म्हणाले, "त्यांना तसाच हवा असणार."

आराखडा करून देणाऱ्या संस्थेच्या एक मॅडम होत्या. त्यांची पद्धत अशी होती, की प्रत्येकाला एक रंगीत कार्ड द्यायचं, त्याने त्यावर आपली अपेक्षा एका वाक्यात लिहायची आणि मग ती सगळी कार्डं भिंतीवर लावायची. बोलायचं नाही, हे मला सोयीचं होतं. मी खूप विचार करून लिहिलं, "मला लेथवर सराव करायला मिळावा." याच आठवड्यात, असंही लिहिणार होतो, पण ते उद्धट वाटलं.

मॅडमनी ते मोठ्याने वाचलं. "बघा, या मुलाला काय हवंय ते किती नेमकं कळलंय." साहेबांनी मान डोलावली. टाळ्या पडल्या. दुपारच्या चहापर्यंत माझ्या वाक्याची शिफारस झाली होती: राज्यातील प्रत्येक विद्यार्थ्याला लेथवर सराव मिळावा, टप्प्याटप्प्याने. मी एकट्यासाठी मागितलं होतं. आता ते सगळ्यांना मिळणार होतं, त्यामुळे मला इतक्यात मिळण्याची शक्यता उरली नाही.

चहा घेताना मी धीर करून मॅडमजवळ गेलो. "मॅडम, लेथ बाहेर आहेत."

"हो, येताना पाहिले ना," त्या म्हणाल्या. "छान झाकून ठेवलेत तुम्ही."

बैठकीच्या अजून फेऱ्या व्हायच्या होत्या, म्हणून खुर्च्या आतच राहिल्या. व्हरांड्यात लेथला लागणारी थ्री फेजची लाइन नव्हती. सरांनी ती ओढून मिळावी म्हणून विचारून पाहिलं. त्यांना सांगण्यात आलं की विजेचा मुद्दा आराखड्यात घेतलेला आहे.

मग मी ताडपत्री वर करून बंद लेथवर सराव करू लागलो. हँडल फिरवायचं, टूल पुढे न्यायचं, मागे आणायचं. चकच्या पकडीत जॉब, म्हणजे कातायचा लोखंडी तुकडा, बांधलेला, पण फिरत नसलेला. सर शेजारी स्टुलावर बसायचे. एकदा मी थांबलो आणि म्हणालो, "सर, असं काही कळत नाही."

"चालू आहे अशी कल्पना कर," ते म्हणाले. "आत तेच चाललंय."

पण ते रोज थांबायचे, मी निघेपर्यंत.

चाचणीच्या दिवशी कारखान्यात लेथ खरोखरच फिरत होता, आणि पहिली काही मिनिटं मी त्या आवाजालाच बुजलो. मग हात चालू लागला. छिलका निघाला, निळसर, लांब. मला वाटलं जमलं. तपासणारे कळवू म्हणाले.

कळवायला त्यांना बरेच दिवस लागले. तेवढ्यात आराखडा छापून झाला. प्रकाशन आमच्याच वर्कशॉपमध्ये ठेवलं होतं. मला पहिल्या रांगेत बसवलं, गुलाबाचं फूल दिलं. प्रास्ताविक करणारे गृहस्थ माझी शिफारस वाचून दाखवत होते, तेव्हा सर मागच्या दाराने आले आणि वाकत वाकत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. टाळ्या सुरू झाल्यावर माझ्या कानाशी आले.

"ऑफिसात फोन आला होता कारखान्याचा," ते म्हणाले. "जॉब एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक झालाय. नाही घेतलं तुला."