नाकाने श्वास घ्या, बाबा

दातांच्या दवाखान्यात तिला सगळे गॅसताई म्हणत. नाकावर भीती घालवणाऱ्या गॅसचा मास्क बसवायचा आणि माणूस सैल पडेपर्यंत त्याच्याशी गप्पा मारायच्या, हे तिचं काम. त्या गॅसचं तिला भारी कौतुक. खुर्ची पाहूनच गळा काढणारी पोरं खुदुखुदु हसायची, भल्याभल्यांचे हातपाय ढिले पडायचे, आणि शेवटी जरा वेळ नुसता ऑक्सिजन दिला की मंडळी आपल्या पायांनी घरी! भरल्या पोटी आलेला एखादा ओकायचा, एखाद्याला गरगरायचं. ते ती हसण्यावारी न्यायची.

तिच्या बाबांनी हयातभर ट्रक चालवला, पण दातांच्या सुईपुढे त्यांची पाचावर धारण बसायची. किडक्या दाढेने गाल सुजला तरी ते ढिम्म. "काही कळणारसुद्धा नाही हो तुम्हाला. मी आहे ना!" असं तिने महिनोन्‌महिने त्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं. अखेर ते तयार झाले, आणि नेमके त्याच दिवशी शिंकत आले.

गॅस जाणार नाकावाटे. नाक चोंदलं की त्याचा उपयोग शून्य, हे तिला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, सर्दी आहे का?" बाबांनी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "किरकोळ आहे, चालेल." आज परत गेले तर पुन्हा इकडे फिरकायचे नाहीत, ही तिची धास्ती.

"नाकाने श्वास घ्या, बाबा," ती सांगत राहिली. ते तोंडाने धापा टाकत राहिले. सुई टोचून दाढ बधिर केली होती, दुखत फारसं नव्हतं. भीती मात्र जशीच्या तशी. दाढ हलली आणि ते उठूच लागले. मध्येच सोडता येईना. "झालंच, बाबा, झालंच," म्हणत तिने त्यांचे खांदे खुर्चीला दाबून धरले.

बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "पोरी, तू धरलंस मला?"

चार दिवसांत सर्दी गेली असती. थांबायला काय झालं होतं, म्हणून ती स्वतःला कोसत राहिली. माफीही मागितली. "जाऊ दे गं," म्हणाले बाबा.

पुढे ते अंथरुणाला खिळले, माणसं ओळखेनासे झाले. वहिनीने चमचा पुढे केला की निमूट तोंड उघडायचे. हिचा हात दिसला की ओठ घट्ट मिटून मान फिरवायचे.

"त्यांना कुठे काय कळतंय, वन्सं? मनाला लावून घेऊ नका," वहिनी म्हणायची.

ती चमचा वहिनीच्या हाती द्यायची आणि त्यांचं जेवण होईपर्यंत दाराआड उभी राहायची, बाबांना दिसणार नाही अशी.