सावंत सरांचा हेडफोन

सावंत सर गेल्याचा निरोप ऑफिसच्या ग्रुपवर आला तेव्हा मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये होते. दोनदा वाचला. आदल्याच दिवशी त्यांनी माझा कोड परत पाठवला होता... नेहमीची तीच दुरुस्ती करून.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. घाटकोपरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात इंटर्न म्हणून लागले, तेव्हा पाणी कुठे आहे हे विचारायलाही धीर होत नव्हता. सर तिथले सगळ्यांत जुने, मूळचे मालवणकडचे. दिवसभर कानाला हेडफोन. "म्हातारा भजनं ऐकतोय," असं बाकीचे म्हणायचे.

प्रोग्राममधली नावं शब्दाला शब्द जोडून लिहितात आणि प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवतात. मग एचटीटीपी, यूआरएल अशी लघुरूपं आली की काय करायचं? कॉलेजात शिकवलं होतं, ती पूर्ण कॅपिटलमध्ये लिहायची. सर म्हणायचे, त्यांचंही पहिलंच अक्षर कॅपिटल ठेव.

"पण सर, पुस्तकात असंच आहे."

"तुझ्या पुस्तकाक कान आसत काय गो?"

सगळे हसले. मला ते लागलं. खात्रीने येणारी ती एकच गोष्ट होती माझ्याकडे, ती सोडवेना. मी माझंच लिहीत राहिले आणि सर ते दर वेळी बदलून परत पाठवत राहिले.

सर गेल्यावर पंधरा दिवसांनी त्यांचा ऑफिसचा लॅपटॉप आणायला मला मुलुंडला, त्यांच्या घरी पाठवलं. सरांच्या बायकोने, काकूंनी, चहा दिला. म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, त्यांना अक्षर दिसत नव्हतं गं. कॉम्प्युटर वाचून दाखवायचा, ते ऐकायचे. ऑफिसात कळलं तर काढतील म्हणून कुणाला सांगितलं नाही."

काकूंनी लॅपटॉप उघडून दिला. मी हेडफोन लावून माझा शेवटचा कोड ऐकला. दोन लघुरूपं शेजारी आली की नुसती अक्षरांची गर्दी, कुठलं कुठे संपलं ते कळेना. मग सरांनी दुरुस्त केलेला ऐकला. एकटं कॅपिटल अक्षर आलं की कॉम्प्युटर तिथून नवा शब्द धरायचा. प्रत्येक शब्द सुटा, मध्ये जरासा श्वास... मी किती दिवस त्यांना ती गर्दी ऐकायला लावली होती.

हे लिहू का, असं काकूंना विचारलं. "लिही की. आता कोण काढणार त्यांना?"

हेडफोन त्यांनी मलाच दिला. डाव्या कानाचा स्पंज झिजलाय. रोज काम संपलं की तो लावते, डोळे मिटते आणि कॉलेजात लिहिलेल्या माझ्या कोडमधली जुनी नावं ऐकून एकेक बदलते. अजून बरीच उरली आहेत. अर्ध्या तासात कान दुखतात, डोकं जड होतं...

सर हे दिवसभर करायचे.