कुंकवाचं बटन

देवास गेटजवळच्या गल्लीत रुचिर पुराणिकची भजनं रेकॉर्ड करायची खोली होती. परदेशी मालाला देशाचे दरवाजे उघडले, घराघरांत कॉम्प्युटरच्या गप्पा सुरू झाल्या, तसा रुचिरनेही सुटे भाग जोडून एक उभा केला आणि गाणं रेकॉर्ड करायचा प्रोग्रॅम स्वतःच लिहिला. पोरगा हुशार, पण हौस हुशारीच्या दोन पावलं पुढे. स्क्रीनवर त्याने सागवानी लाकूड रंगवलं, गोल पितळी बटनं बसवली, कडेने भैरवगढच्या कापडावर असते तशी छापाची वेलबुट्टी काढली. येणारा-जाणारा वाखाणायचा आणि रुचिरच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

हा खटाटोप वडिलांसाठी होता. गोपाळराव रेल्वेतून रिटायर झालेले. गळा असा, की ऐकणाऱ्याने हातातलं काम विसरावं. पण समोर कोणी बसलं की आवाजच फुटेना. जन्मभर ते देवघरात एकटेच गायले. आता घशाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि नंतर आवाज राहील याची डॉक्टर खात्री देत नव्हते. त्याआधी गाणं रेकॉर्ड व्हायला हवं होतं, आणि बटनही त्यांनी एकट्यानेच दाबायला हवं होतं.

एका सकाळी रुचिरने त्यांना सगळं समजावलं आणि दार ओढून तो बाहेर थांबला. गोपाळराव आले ते घामाघूम, पण खुशीत.

"आज मस्त लागला रे आवाज."

रुचिरने लावून पाहिलं. काहीच नव्हतं. पितळेच्या त्या झगमगाटात त्यांनी भलतंच बटन दाबलं होतं.

"सगळी एकसारखीच दिसून राहिली होती, बेटा," ते म्हणाले. "सुंदर आहेत, पण कोणतं काय, पता नाही चाललं."

ते रागावले नाहीत, म्हणूनच रुचिरला जास्त लागलं. त्याने बटनांखाली नावं घातली, पण तीही नक्षीदार अक्षरांत. सजवल्याशिवाय त्याचा हात राहीना. गोपाळराव मात्र त्या खोलीत जायचं टाळू लागले.

खंडेनवमीला त्याची आई अहल्याबाई पूजेचं तबक घेऊन आली. पेटी, तबला, माइक, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं आणि चालू कॉम्प्युटरपाशी ती अडली.

"याला कुठे लावू रे?"

"रेकॉर्डच्या बटनावर लाव," मागून गोपाळराव म्हणाले.

रुचिरने बोट दाखवलं. काचेवर लाल ठिपका उमटला. तो पुसायला रुचिरचा हात आपसूक फडक्याकडे गेला.

"राहू दे," म्हणत गोपाळराव चष्मा न लावताच खुर्चीत बसले आणि माउसचा बाण सरळ कुंकवावर नेला. "हे बघ, सापडलं."

"अहो, पूजेच्या वस्तूला आज हात लावत नाहीत," आई कुरकुरली.

रुचिर ओशाळला, मग त्याला हसू आलं. मान मोडून केलेल्या त्या सगळ्या देखाव्यात आईचा ठिपका तेवढा कामाचा होता. दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर तो कामाला बसला. लाकूड गेलं, पितळ गेलं. मधोमध एकच मोठं लाल बटन राहिलं. वेलबुट्टी काढून टाकायला जीव होईना. मग तिलाही त्याने कामाला लावलं. रेकॉर्डिंग सुरू झालं की ती लाल व्हायची.

ऑपरेशन नीट झालं. आवाज परत आला, पण घोगरा. तो हळूहळू सुटेल असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातून परतल्यावर रुचिरने गोपाळरावांनी आदल्या आठवड्यात एकट्याने केलेलं रेकॉर्डिंग पहिल्यांदा लावलं. गिऱ्हाइकांचं खाकरणंसुद्धा कापून टाकणाऱ्या त्याने यातलं काही म्हणता काही कापलं नाही. आधी खुर्ची करकरते, मग गोपाळराव स्वतःशीच बोलतात, "वेल लाल झाली. म्हणजे लागलं." मग ते म्हणतात, "समोर बस रे रुचिर, ऐक," आणि गायला लागतात.