कोंडीरामांचा सावळा रंग

नाव: उन्मेष कुशाबा राणे. राहणार: डिलाईल रोड, चाळीचा दुसरा मजला. व्यवसाय: जुन्या फोटोंची संगणकावर दुरुस्ती. शेरा: सदर इसमाने आजवर कोणासही गोरे केल्याचे निदर्शनास आलेले नाही.

हा शेरा त्या सकाळी धोक्यात होता. खालच्या मजल्यावर दुपारी वारलेल्या कोंडीराम कांबळ्यांचं पुण्यानुमोदन, आणि हार घालायचा फोटो अजून उन्मेषच्या पडद्यावर. त्यांच्या बायकोनं, कांताकाकूंनी, बजावलं होतं, "घड्या काढ, डाग काढ. पण ह्यांचा रंग हलवलास तर बघ! मागल्या स्टुडिओवाल्याचा फोटो बघून पाहुणे विचारायचे, हे कोण सायब?"

उन्मेषनं रंगाला हात लावलाच नव्हता. फोटोवर काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मधल्या करड्या रंगाचा थर चढवायचा, घडी असेल तेवढ्याच जागी त्यावर गडद-फिकं करायचं. उरलेला करडा गप्प बसतो, खालच्या चेहऱ्याला काही करत नाही. एकेका घडीला एकेक थर करत वीसेक झाले. शेवटी सहज सगळे बंद करून पाहिले. थरांखालचे कोंडीराम सावळे होते. थरांसकट ते बढती मिळाल्यासारखे दिसत होते.

थर भरताना मधला करडा म्हणून त्यानं जुन्या सवयीनं १२८ आकडा हातानं टाकला होता. छटा ढोबळ मोजणाऱ्या आठ बिटांच्या फाइलीत ते खपतं. ही फाइल सोळा बिटांची, फार बारीक मोजणारी. तिच्या लेखी १२८ म्हणजे मध्यापेक्षा केसभर उजळ. एक केस कोणाला दिसत नाही. वीस केसांत माणूस बदलतो.

खाली सतरंज्या झटकल्याचे आवाज येऊ लागले. त्यानं सगळे थर उडवले, नवा एकच घेतला, करडा या खेपेला प्रोग्रॅमलाच भरू दिला आणि घड्या पुन्हा पुसायला बसला. प्रिंटरमधून कोंडीराम कपाळापासून हळूहळू उतरू लागले, तोवर दारात कांताकाकू आणि त्यांची मुलगी प्रिती.

काकूंनी फोटो उजेडाकडे धरला. चष्मा पुसून पुन्हा धरला.

"आई, बोल ना काहीतरी!"

"कॉलरवर घडी ऱ्हायली रे."

उन्मेषनं विचारलं, "आणि... रंग?"

"रंगाचं काय? हेच आहेत की."

कोंडीराम सावळेच भिंतीवर लागले. उन्मेषच्या लग्नाच्या अल्बमात नवरदेव चांगला दोन छटा गोरा आहे. ते काम त्यानं स्वतःच केलेलं.