लाल दिव्याखालची कात्री

त्या घरात लाल दिवा लागला की शिलाई मशीन थांबतं. नुसतं मशीन नाही. पंखा, नळ आणि काकूसुद्धा. दिवा आतल्या खोलीच्या दारावर, आतल्या बाजूनं आहे. त्याचं बटण बाहेरच्या खोलीत, काकांच्या हाताशी.

काकू कपडे दुरुस्त करून देतात. पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं, झिजलेली कॉलर उलटवणं. काका वीज कंपनीत मीटर रीडर होते. निवृत्तीनंतर ते पूर्णवेळ रेकॉर्डींच्या मागे लागले. तेही नामवंत गायकांच्या नव्हे. पूर्वी एखादं गाणं गाजलं की काही कंपन्या ते कुणा अनोळखी गायकाकडून घाईघाईत गाऊन घ्यायच्या आणि निम्म्या किमतीत, दुकानात साबणाशेजारी ठेवून विकायच्या. कव्हरवर गायकाचं नाव नसायचं. असलं तर बहुतेक खोटं. असल्या रेकॉर्डी जमवायच्या, त्यात गाणारे-वाजवणारे कोण होते हे शोधून काढायचं, हा काकांचा उद्योग. जोडीला घरगुती रेकॉर्डिंगची जुनी यंत्रं: टेपची रिळं फिरवणारे सुटकेसएवढे स्पूल रेकॉर्डर, आणि टेपऐवजी पोलादी तारेवर आवाज उतरवणारं एक धूड.

या रेकॉर्डींचं प्लास्टिक हलकं, सुई फिरली की झिजतं. म्हणून काका प्रत्येक रेकॉर्ड एकदाच वाजवतात, स्पूलवर उतरवतात आणि पुढचा अभ्यास स्पूलवरून करतात. उतरवण्याची पद्धत त्या काळच्या घरांतली, म्हणजे स्पीकरसमोर माइक ठेवायचा. माइक निवड करत नाही. घरात जे वाजेल ते सगळं घेतो. त्यामुळे दिवा. सुई टेकवून काका स्वतः घराबाहेर पायरीवर जाऊन उभे राहतात. आपल्या श्वासाचाही भरवसा नको. काकू आत. बाहेरचं दार आणि मोरी, दोन्हींकडे जायचं बाहेरच्या खोलीतून, आणि मधलं दार कुरकुरतं. रेकॉर्डची एक बाजू संपेपर्यंत जिथे असतील तिथे.

घर तळमजल्यावर असल्यामुळे गिऱ्हाइकं आतल्या खोलीच्या खिडकीशी येतात. दिवा लागलेला असला की बोटांनीच खुणा करून किती इंच कमी ते सांगतात आणि गजांतून कपडे आत सरकवतात. शेजारीण जाता-येता विचारते, "काय काकू, सुटका कधी?" दिवा विझलेला असेल तर काकू उत्तर देतात, "चांगल्या वर्तणुकीवर अवलंबून आहे."

अशाच एका दिव्याखाली काकू अस्तर कापत होत्या आणि टेबलाच्या कडेवरून कात्री सटकली. फरशीवर एकदा आपटली, उसळली, पुन्हा आपटली. टण्, आणि जरा थांबून टण्. काकू तोंडावर हात दाबून उभ्या राहिल्या. काका पायरीवर होते, त्यांना काही ऐकू गेलं नाही. काकूंनीही ब्र काढला नाही. सांगितलं असतं तर रेकॉर्ड पुन्हा वाजवावी लागली असती आणि घरात चार दिवस अबोला. त्यापेक्षा गप्प बसणं स्वस्त होतं. पुढे उन्हाळ्यात खिडकीपाशी राहिलेली ती रेकॉर्ड ताटलीसारखी वाकली आणि कचऱ्यात गेली. उरलं ते स्पूल.

बऱ्याच महिन्यांनी काका कानांना हेडफोन लावून ते स्पूल ऐकत होते. एकदम ओरडले, "अगं, इकडे ये! हे ऐक."

काकूंनी ऐकलं. टण्… टण्.

"लोखंडी ट्रँगल वाजवणाऱ्याच्या हातून त्याची काठी पडलीय! माझ्याकडे याच कंपनीची, याच गाण्याची दुसरी रेकॉर्ड आहे ना, तिच्यात हा आवाज नाही. म्हणजे कंपनीनं गाणं दोनदा गाऊन घेतलं. हे आजवर कुणाला माहीत नाही!"

"अहो, ती…"

"थांब गं, फोन लागतोय."

फोन संग्राहक मंडळाच्या चिटणीस बाईंना होता. मंडळाची अशा रेकॉर्डींची मोठी सूची छापायला जाणार होती आणि तिच्यात काकांचा शोध त्यांच्या नावानिशी येणार होता. इतक्या वर्षांत त्यांनी पाठवलेलं काहीच मंडळानं घेतलं नव्हतं. छपाईआधी बाई एकदा घरी येऊन आवाज ऐकणार होत्या, एवढंच बाकी.

काकूंपुढे दोनच वाटा होत्या. सांगावं, तर नवऱ्याचा एकुलता एक शोध बुडतो आणि आपलं गप्प बसणं उघडं पडतं. न सांगावं, तर आपल्या कात्रीचा आवाज काठीचा म्हणून त्याच्या नावावर कायमचा छापला जातो.

"सांगून टाका की," काकूंकडून सगळं ऐकून शेजारीण खिडकीतून म्हणाली.

"कधी? दिवा लागला की मला बोलायचं नाही. विझला की त्यांच्या कानांवर हेडफोन."

चिटणीस बाई आल्या. पूर्वी रेडिओवर ध्वनिमुद्रणाचं काम केलेल्या, पांढऱ्या केसांच्या, मोकळ्या बोलण्याच्या. खुर्चीवरच्या रेकॉर्डी स्वतःच उचलून खाली ठेवून बसल्या.

"वहिनी, आत काय करताय? या ना ऐकायला."

"तिला यातलं काही कळत नाही हो," काका म्हणाले.

"मग तर हव्यातच. कळणाऱ्यांचा मला कंटाळा आलाय."

स्पूल फिरलं. टण्… टण्. बाईंनी पुन्हा लावायला सांगितलं.

"काठी फारच जड दिसतेय."

"स्वस्तातल्या कंपनीची वाद्यं, बाई," काका म्हणाले. बाई हसल्या आणि काकूंकडे वळल्या. "तुम्हाला काय वाटतं, वहिनी?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. काका रेकॉर्डरचं झाकण रुमालानं पुसत होते. त्यावर धूळ नव्हती.

"काहीतरी पडलंय, एवढं खरं," काकू म्हणाल्या.

"ते तर मलाही ऐकू येतंय," म्हणत बाईंनी टिपून घेतलं आणि चहा पिऊन निघाल्या.

दुपारी काकू पुन्हा कामाला बसल्या. मधलं दार उघडं होतं, दिवा विझलेला. कापड ओढताना कात्री सटकली. टण्. बाहेरच्या खोलीत काकांचं बोट आपोआप वर गेलं आणि दुसऱ्या आवाजाची वाट पाहत थांबलं. टण्. बोट खाली आलं.

काकूंनी कात्री उचलली नाही. "कधी कळलं तुम्हाला?"

"फोन केला त्याच्या दुसऱ्या दिवशी. तू कापत होतीस, पडली हातातून."

"मग?"

"मग काय. तोवर बाईंनी मंडळात सगळ्यांना सांगून टाकलं होतं."

"आज सांगता आलं असतं."

"आज तुला विचारलं होतं त्यांनी."

काकूंनी कापडाची घडी घातली. काका दारात आले. "सूची निघाली की लोक ऐकायला येतील. ते इथे बसलेले असताना ही पडली तर…"

"कळलं," काकू म्हणाल्या.

सूची निघाली. काकांचं नाव बरोबर छापलंय, शेजारी 'दुर्मिळ' असा शेरा. अधूनमधून कुणीतरी ऐकायला येतं. तेव्हा काका बाईंसमोर बोलले तसेच बोलतात, फक्त भराभर. काकू आता फरशीवर घोंगडी अंथरून कापतात, आणि कात्रीच्या मुठीला बांधलेल्या नाडीचं दुसरं टोक मशीनच्या पायाला.

परवा एका गिऱ्हाइकानं गजांतून पँट सरकवताना ते पाहिलं. "काकू, कात्री का बांधलीय?"

"पळून जाईल म्हणून," काकू म्हणाल्या. तेवढ्यात दारावरचा दिवा लागला. त्यांनी बोटं वर करून विचारलं, किती इंच?