न सोडलेल्या गोळ्या

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. मंगलजवळ, म्हणजे माझ्या बायकोजवळ नाही, बहिणीजवळ नाही, डॉक्टरांजवळ तर नाहीच. बोलायची भीती मला कधीच नव्हती. आवाज अजून खणखणीत आहे, शंभर पोरांच्या गलक्यावरून जायचा तो. फक्त या एका गोष्टीपाशी आला की — बसायचा. आज बोलतो. तुम्ही मधे थांबवू नका म्हणजे झालं.

डोंबिवलीत एका शाळेत मी व्यायामशिक्षक होतो. पोरं टरकून असायची. "आजार हे आळशी माणसाचं निमित्त असतं," हे माझं ठेवणीतलं वाक्य, किती पिढ्यांना मैदानावर उन्हात उभं करून ऐकवलं असेल. निवृत्त झालो तरी भाजीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळे 'सर'च म्हणतात. आणि अशा माणसाला हार्ट अटॅक यावा? तोही मेथीची जुडी निवडताना? जीव वाचल्याचा आनंद व्हायच्या आधी मला राग आला होता. पण ही काही कबुली नव्हे, हा नुसता स्वभाव झाला.

ठाण्याच्या एका हॉस्पिटलात स्टेंट बसला. बरा होऊन सकाळी बागेत गेलो, तर आमच्या फिरायच्या मंडळींनी मला बाळंतिणीसारखं जपायला सुरुवात केली. एकाने हातातली पिशवी काढून घेतली, दुसऱ्याने बाकावरची धूळ झटकली. सर, सावकाश. सर, बसा. मला! मग कुणीतरी कीव आल्यासारखं विचारलं, आता जन्मभर गोळ्याच का हो? आणि माझ्या तोंडून गेलं — गोळ्या? त्या कधीच सोडल्या. चालायचं आणि दुधीचा रस प्यायचा, बस्स.

धादांत खोटं. एक गोळी मी चुकवली नव्हती. रक्त पातळ ठेवायच्या, कोलेस्टेरॉलच्या, बीपीच्या, सगळ्या वेळच्या वेळी. बडीशेपेच्या डबीत ठेवायचो आणि जेवणानंतर बडीशेप खाल्ल्यासारख्या तोंडात टाकायचो, कुणी समोर असलं तरी. तपासणीची तारीख आली की सांगायचो, ठाण्यात टेंभी नाक्याला बहिणीकडे चाललोय. तिच्याकडे जायचोही, पण आधी रक्त द्यायचं, ईसीजी काढायचा, इको करून घ्यायचा, डॉक्टरांचं सगळं मान खाली घालून ऐकायचं, आणि मग बहिणीकडे चहा. डॉक्टर म्हणायचे, तुमच्यासारखा पेशंट मिळत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं म्हणतात ना? माझं उलटं. लोकांना पाषाण वाटत होतो आणि ब्रह्मज्ञान घरी गुपचूप पाळत होतो.

गोड लागतं हो ते. लोक घरी येऊ लागले. कुणाच्या मेव्हण्याला स्टेंट बसला, कुणाच्या सासऱ्याला, की आधी सरांना विचारा. आपल्याकडे ही पद्धतच आहे. डॉक्टर सांगतो ते ऐकायचं, आणि 'जाऊन आलेला' माणूस सांगतो ते करायचं. मी कुणालाही सरळ गोळ्या सोडा असं म्हटलं नाही. असं म्हणायची गरज कुठे होती? मी छाती काढून बागेला फेऱ्या मारत होतो, तेवढं पुरे होतं.

त्यात गावडे आले.

मनोहर गावडे आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. नगरपालिकेतून निवृत्त, भिडस्त माणूस. माझ्यावर जीव. खडवलीला स्टेशनपासून बरंच आत त्यांनी एक जमिनीचा तुकडा घेतला होता, त्यात आंबे, चिकू, शेवगा. आठवड्यातून एकदा जायचे आणि येताना माझ्यासाठी काहीतरी आणायचेच. त्यांना अटॅक आला, स्टेंट बसला, तेव्हा मीच धीर दिला. काही महिने सगळं सुरळीत गेलं. मग एका सकाळी बागेत इतर मंडळी पुढे गेल्यावर ते माझ्याजवळ बसले. हिरड्यांतून रक्त येत होतं त्यांच्या. दंडावर निळे डाग दाखवले. गोळ्यांची भीती बसली होती. डॉक्टरांकडे जायचं तर ओरडतील म्हणून संकोच.

आता नीट ऐका. हाच त्रास मलाही झाला होता. हिरड्या, डाग, सगळं तसंच. मी दुसऱ्या दिवशी ठाण्याला गेलो होतो आणि डॉक्टरांनी एक गोळी बदलून दिली होती. घाबरू नका म्हणाले, पण मनाने बंद केलीत तर स्टेंटमध्ये गुठळी होईल, हे पक्कं लक्षात ठेवा. म्हणजे गावड्यांना काय सांगायचं ते मला अक्षरश: तोंडपाठ होतं.

गावडे म्हणाले, "सर, एक विचारू? तुम्ही खरंच सगळ्या गोळ्या बंद केलेल्या ना?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. ज्यांच्यापुढे मिरवायचं ते सगळे बागेच्या पार दुसऱ्या टोकाला. एक वाक्य पुरलं असतं — गावडे, मी बाता मारतो, चला उद्या ठाण्याला. एवढंच. आणि मी काय म्हणालो?

"गावडे, मी कधी खोटं बोललोय?"

त्यांना हायसं वाटलं. मला दिसलं ते.

थोड्या आठवड्यांनी त्यांना दुसरा अटॅक आला. स्टेंट बंद झाला होता. जीव वाचला, पण हृदयाचं पंपिंग पार उतरलं. हॉस्पिटलात भेटायला गेलो तेव्हा त्यांची बायको, सुनंदावहिनी, उशाशी बसल्या होत्या. तिथल्या डॉक्टरांनी गावड्यांना नुकतंच फैलावर घेतलं होतं, कुणी सांगितलं गोळ्या बंद करायला म्हणून. गावड्यांनी सांगितलं होतं, माझंच डोकं फिरलं. माझं नाव घेतलं नाही.

आणि मी? कबुलीचं खरं टोक इथे आहे. वहिनींच्या देखत मी त्यांना झापलं. डॉक्टरांना न विचारता गोळ्या सोडतात का, पोरखेळ आहे का, घरच्यांचा विचार नको का — मैदानावरचा तोच आवाज. गावडे माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. चुकलं, म्हणाले. तुमच्या शरीराशी मी बरोबरी करायला नको होती.

त्यानंतर ते दोनेक वर्षं जगले. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर टेकायचे. खडवली सुटली, ती जागा मातीमोल भावाने गेली. वहिनी म्हणाल्या, हे तुमचं ऐकतात, तपासणीला तुम्हीच न्या. मी नेत होतो. एकही खेप चुकवली नाही, गोळ्यांची नावं मला त्यांच्यापेक्षा चांगली माहीत होती. लोक म्हणायचे, मित्र असावा तर असा. मला लाज वाटली का? वाटली. दर वेळी वाटली. पण लाज वाटणं आणि तोंड उघडणं यात फार अंतर असतं, हे मी तिथल्या खुर्च्यांवर बसून शिकलो.

एकदा नंबर यायची वाट बघत होतो. गावडे धापा टाकत म्हणाले, "सर, तुमचंही नाव लिहिलंय मी आज. एकदा तपासून घ्या. तुम्ही गोळ्या घेत नाही, मला रात्री झोप लागत नाही हो."

मी हसलो. मला काय धाड भरलीये, म्हणालो, आणि काउंटरवर जाऊन नाव खोडायला लावलं.

गेल्या वर्षी गावडे गेले. दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी मला बाजूला बोलावलं. शेवटचे काही दिवस ते सारखे माझंच बोलत होते. निरोप ठेवला होता त्यांनी, सरांना माझी शपथ घाल, गोळ्या सुरू करायला सांग.

निदान इथे तरी — असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं. तोंड उघडलंही.

"वहिनी," मी म्हणालो, "गावड्यांचा शब्द मोडणार नाही. उद्यापासून सुरू करतो."

त्यांनी डोळे पुसले. आता ह्यांचा जीव शांत होईल, म्हणाल्या.

त्यांनी ते इमारतीत सांगितलं, मग ते बागेत पोचलं. गेलेल्या मित्राच्या शब्दाखातर सरांनी आपला हट्ट सोडला. ऐकताना लोकांचे डोळे भरून येतात. माझी तब्येत उत्तम आहे, डॉक्टर खूश आहेत. आता मला काही लपवावं लागत नाही. कुणाकडे जेवायला गेलो की चारचौघांत पाणी मागतो आणि गोळ्या घेतो. तेव्हा कुणीतरी शेजारच्याला हळूच सांगतं, गावड्यांसाठी घेतात हो ते.